सैनिकांची मुले : एक राहून गेलेले कर्तव्य

दर वर्षी ७ डिसेंबर उजाडला म्हणजे सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत सशस्त्र सेना ध्वजदिनाची धांदल सुरू होते. १९४९ पासून हा दिवस आपण पाळीत आलो आहोत. जिल्ह्याच्या ठिकाणी समारंभ होतो, वीरमाता व वीरपत्नी यांचा सत्कार होतो, निधिसंकलनाचा इष्टांक किती पुरा झाला याचा आकडा जाहीर केला जातो आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागतो. या समारंभांविषयी आमची तक्रार नाही. कृतज्ञतेला वर्षातून एखादा दिवस नेमून दिलेला असणे हे ती अजिबात नसण्यापेक्षा खचितच बरे. परंतु अशा प्रत्येक समारंभात आईचा पदर धरून उभे असलेले एखादे मूल असते. व्यासपीठावरून चाललेली भाषणे त्याला समजत नाहीत. आपला बाप कोठे आहे, तो केव्हा येणार, आणि तो आला नाही तर काय, एवढेच त्याला ठाऊक करून घ्यावयाचे असते. त्या मुलाविषयी आज चार शब्द लिहावेत असा आमचा विचार आहे.

पहिल्या पानावर मांडावा एवढा हा विषय मोठा आहे काय, अशी शंका एखाद्या वाचकाच्या मनात येईल. राजकारणाच्या घडामोडींना, पिकांच्या भावांना आणि पाणीटंचाईला ही जागा सहज मिळते. लहान मुलाच्या मनातील घालमेलीला ती का मिळू नये, एवढेच आमचे उत्तर आहे. देशाच्या रक्षणाचा जो खर्च आपण मोजतो त्यात शस्त्रे, दारूगोळा, वेतन आणि निवृत्तिवेतन यांची नोंद होते. त्याच खर्चाचा एक भाग सैनिकाचे मूल आपल्या बालपणातून भरीत असते. त्याची नोंद कोठेच होत नाही, म्हणून ती येथे करावयाची आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जालन्याहून मंठ्याकडे निघाले की वाटूर फाटा लागतो आणि परतूरकडे जाणारी वाट तेथून फुटते. परतूर तालुक्यातील वाटूर हे मराठवाड्यातील शेकडो गावांसारखेच एक गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि पावसाची प्रतीक्षा यांवर त्याचे वर्ष चालते. अशा गावांतील काही तरुण सैन्यात जातात. कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत जातो, कोणी महार रेजिमेंटमध्ये, कोणी तोफखान्यात. रजा संपली की तो फाट्यावरून एस. टी. धरतो, जालन्याच्या स्थानकावर पंजाबकडे जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये चढतो आणि गावाच्या दृष्टीने दिसेनासा होतो. त्याच्या मागे बायको, आईबाप आणि एकदोन लेकरे उरतात. शाळेच्या एखाद्या वर्गात ज्याचा बाप सीमेवर आहे असे मूल बहुधा एकच असते, आणि आमच्या मते या प्रश्नाचे मर्म त्या 'एकच' या शब्दात आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हे उपपद लागलेले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीची कीर्तीही तशीच आहे. अशा गावांत सैनिकाच्या मुलाला आपली अवस्था कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शेजारच्या घरातला बापही पलटणीत असतो, आजोबा तेथूनच निवृत्त झालेले असतात, आणि 'लामावर जाणे' हा शब्दप्रयोग त्याच्या पणजीच्या तोंडी होता. वियोग कसा सोसावा याचे एक अलिखित शास्त्र त्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहे. मराठवाड्याची गोष्ट निराळी. जालना जिल्ह्याने सैन्ये पाहिली नाहीत असे नव्हे. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई याच जिल्ह्याच्या मातीत झाली, आणि खुद्द जालन्यास पुढे बरीच वर्षे लष्करी छावणी होती. परंतु ती सैन्ये बाहेरून आलेली होती. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली असल्यामुळे सातारा, कोल्हापूर किंवा रत्नागिरीसारखी घरटी एक जवान देणारी परंपरा येथे तितकी दाट रुजली नाही. म्हणून येथील सैनिकाचा गावाला अभिमान आहे, परंतु त्याच्या घराच्या अडचणींचा गावाला अनुभव नाही. अभिमान मिरवणुकीच्या दिवशी उपयोगी पडतो. उरलेल्या दिवसांना अनुभव लागतो.

पूर्वी ही उणीव एकत्र कुटुंब भरून काढीत असे. आजोबा होते, चुलता होता, अंगणात चुलत भावंडे होती. बाप नसला तरी घरात पुरुषाचा आवाज होता आणि आईला धीर देणारी सासू होती. आज मुलांच्या शिक्षणासाठी जवानाची पत्नी पुष्कळदा परतूर, मंठा किंवा जालना येथे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. गॅसच्या टाकीपासून मुलाच्या तापापर्यंत, आणि बँकेच्या कामापासून सासऱ्यांच्या औषधापर्यंत सारे तिच्या एकटीच्या शिरावर असते. शेजाऱ्यांना ती केवळ एक भाडेकरू असते. तिच्या मनावरचा ताण मुलाला शब्दांवाचून कळतो, आणि मुलाच्या मनाची जी काही पडझड होते तिची सुरुवात बहुधा येथून होते.

बाप दूर असलेली मुले आमच्या भागातील शिक्षकांना नवी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहेही चालविली आहेत. त्या मुलांचे दुःख कमी आहे असे आम्ही म्हणत नाही. अनेक बाबतींत ते अधिकच आहे, कारण त्यांच्या वाट्याला ना मान येतो ना निवृत्तिवेतन. परंतु सैनिकाच्या मुलाच्या दुःखाला दोन वेगळ्या बाजू आहेत. पहिली भीतीची. ऊसतोडीला गेलेला बाप हंगाम सरला की येणार, हे मुलाला माहीत असते. सीमेवरील बापाविषयी त्याला एवढी खात्री कोणी देऊ शकत नाही. दुसरी बाजू अधिक सूक्ष्म आहे. या मुलाला रडण्याची मुभा नसते. "तू फौजीचा मुलगा, तू रडतोस?" हे वाक्य त्याने घरी, शाळेत आणि बाजारात ऐकलेले असते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परिणाम मात्र असा होतो की, मूल आपली भीती दडपायला शिकते आणि ती दडपलेली भीती निराळ्या वाटेने बाहेर पडते.

या मुलाचे वर्ष कसे जाते ते पाहावे. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती सगळी मिळाली आणि कुटुंब कधीच त्याच्यासोबत राहिले नाही असे धरले, तर मूल दहा वर्षांचे होईपर्यंत बाप त्याच्याजवळ फार तर ९०० दिवस, म्हणजे अडीच वर्षांहूनही कमी, असतो. हे दिवसही सलग नसतात. बाप येण्याच्या आधी आठ दिवस घर उत्सुकतेने भरून जाते. तो दारात उभा राहतो तेव्हा तीन वर्षांचे मूल आईच्या मागे दडते, आणि सीमेवर जो कशालाही डगमगला नाही त्या माणसाच्या काळजाला तेथे घरे पडतात. मोठ्या मुलाची अडचण वेगळी. बापाच्या गैरहजेरीत त्याने घरात एक जागा मिळविलेली असते. दुकानातून सामान आणणे, धाकट्या बहिणीला शाळेत पोहोचविणे, आजोबांना दवाखान्यात नेणे ही कामे तो करीत असतो. बाप येतो आणि पलटणीची शिस्त घरात लावू पाहतो. पहाटे उठण्यावरून, मोबाईलवरून, गुणपत्रिकेवरून खटके उडतात. तीनचार आठवड्यांनी दोघांचे सूर जुळू लागतात न लागतात तोच पेटी भरण्याची वेळ येते. पुढच्या खेपेस हा सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

शाळेच्या वर्गात ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना या क्रमाच्या खुणा ओळखता येतील, फक्त त्यांचा अर्थ लावणे राहून गेलेले असते. पाचसहा वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईला क्षणभरही सोडत नाही, शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणते आणि दवाखान्यात काही सापडत नाही. आठनऊ वर्षांचा मुलगा विनाकारण मारामारी करतो. अभ्यासात बरी असलेली मुलगी बाप गेल्यावर महिनाभर वहीकडे पाहत नाही. चौदापंधरा वर्षांचा मुलगा आईला उलट उत्तरे देतो, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहतो. या सर्वांहून अधिक जपावे असे मूल म्हणजे जे काहीच करीत नाही ते. ते शहाण्यासारखे वागते, आईला त्रास देत नाही, काही मागत नाही, आणि 'किती समजूतदार' म्हणून सर्वांची शाबासकी घेते. दहाव्या वर्षी प्रौढ झालेल्या या मुलाकडे कोणाचेही लक्ष जात नाही. पहिल्या चौघांना शिक्षा होते आणि पाचव्याला बक्षीस मिळते. त्यांच्याजवळ बसून विचारपूस मात्र एकाचीही होत नाही.

ज्या कुटुंबांना शांततेच्या ठाण्यावर जवानासोबत राहण्याची संधी मिळते त्यांचा प्रश्न सुटतो असेही नाही. वाटूरच्या मराठी शाळेतून उठून मूल अंबाल्याच्या किंवा जोधपूरच्या केंद्रीय विद्यालयात जाते. तेथे हिंदी आणि इंग्रजी माध्यमात ते वर्षभर मुके होते. जरा बोलू लागते, मित्र मिळतात, तोच बापाची बदली कुटुंब नेता येत नाही अशा ठाण्यावर होते आणि मूल परत गावी येते. आता मराठी व्याकरण मागे पडलेले असते आणि जुन्या सवंगड्यांच्या टोळ्या नव्याने बांधल्या गेलेल्या असतात. मुलाचे चार मित्र तुटणे ही मोठ्यांना क्षुल्लक गोष्ट वाटते. मुलाच्या लेखी तो अर्धा संसार मोडण्यासारखा प्रसंग असतो.

मे २०२५ मधील ते चार दिवस वाचकांच्या स्मरणात असतील. ७ तारखेच्या पहाटे भारताने 'ऑपरेशन सिंदूर' सुरू केले आणि १० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबविण्याचे ठरले. अनेक जवानांना रजा अर्धी टाकून परतावे लागले. त्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी ज्या गोष्टी घडल्याच नाहीत त्यांचीही वृत्ते मोठ्या आवेशाने दिली. लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना केंद्र सरकारने २६ एप्रिललाच दिलेली होती. आपल्यापैकी बहुतेकांसाठी तो चित्तथरारक देखावा होता. ज्या घरातला माणूस त्या सीमेवर होता आणि ज्याचा फोन लागत नव्हता, त्या घरातील मुलाने तो देखावा कसा पाहिला असेल? सुट्टीचे दिवस, शाळा बंद, शिक्षक गावी गेलेले, आई पडद्यावर डोळे लावून बसलेली. ज्या वेळी आधाराची सर्वांत अधिक गरज होती नेमक्या त्याच वेळी तो देणारे कोणी जवळ नव्हते.

अशा वेळी मुलाला काय तारते, याविषयीचे ज्ञान नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषींनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासी शिशुगृहे चालविली. त्यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष असा की, स्फोटांच्या आवाजापेक्षा आईबापांपासूनच्या ताटातुटीने मुले अधिक खचतात, आणि जवळचे मोठे माणूस शांत असेल तर मूल पुष्कळ काही सोसू शकते. अमेरिकेने इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या काळात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. ११ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे दीड हजार मुलांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. सैनिक पालक जितके अधिक महिने दूर राहिला तितक्या मुलांच्या अडचणी वाढल्या, आणि घरी राहिलेल्या पालकाचे मन जेथे खचलेले होते तेथे मुलांची स्थितीही अधिक बिकट होती, असे तीत आढळले. २०११ साली तीन लाखांहून अधिक सैनिक-मुलांच्या वैद्यकीय नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हाही दीर्घ वियोग आणि मानसिक विकार यांचा संबंध दिसून आला.

अमेरिकेची परिस्थिती आपली नव्हे, तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. परंतु तेथील एक अनुभव आपल्याला नेमका लागू पडतो. लष्करी तळांवर राहणाऱ्या कुटुंबांना शाळा, समुपदेशक, शेजार अशा सोयी मिळाल्या. राखीव दलातील आणि नॅशनल गार्डमधील सैनिकांची कुटुंबे मात्र तळांपासून दूर, सामान्य गावांत विखुरलेली होती. त्यांच्या मुलांच्या शाळांना पुष्कळदा त्यांच्या घरची स्थितीच माहीत नसे. वाटूरचे मूल याच दुसऱ्या वर्गात मोडते.

आपल्याकडेही व्यवस्था नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सैन्याच्या छावण्यांत आर्मी पब्लिक स्कूल आहेत, १९६६ पासून काम करणारी सैनिक-पत्नींची 'आवा' ही कल्याणकारी संघटना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानसचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. केंद्रीय सैनिक बोर्ड माजी सैनिकांच्या मुलांना शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपयांचे साहाय्य व उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. राज्याचा सैनिक कल्याण विभाग अनेक जिल्ह्यांत सैनिकी मुलामुलींची वसतिगृहे चालवितो. हे सारे स्तुत्य आहे. तथापि त्यातील बहुतेक आधार एक तर छावणीच्या फाटकाशी संपतो, किंवा तो पैशाच्या रूपात असतो. वाटूरला सर्वांत जवळची छावणी छत्रपती संभाजीनगरची. रात्री अंथरुणात रडणाऱ्या मुलाची आई तेवढ्यासाठी तेथवर जाणार नाही, आणि दरमहा २,००० रुपयांनी ते रडणे थांबणार नाही.

येथे आणखी एका वर्गाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे ४० जवान हुतात्मा झाले, त्यांत शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील दोघे होते. ते सारे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. सीमा सुरक्षा दल काय किंवा केंद्रीय राखीव दल काय, त्यांतील जवानाचा वियोग, धोका आणि मरण सैनिकासारखेच असते. परंतु जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे काम मुख्यतः तिन्ही सेनादलांपुरते मर्यादित आहे. खुद्द जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ३ चे ठाणे आहे. त्यातील जवानही बंदोबस्तासाठी दीर्घकाळ घराबाहेर राहतात. बापाच्या खांद्यावरील बिल्ला कोणत्या खात्याचा आहे हे पाहून मुलाची भीती कमीजास्त होत नाही. म्हणून जी काही योजना होईल तीत ही मुले प्रथमपासून धरली पाहिजेत.

या विषयावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आमच्या आज्यापणज्यांनी कोणते समुपदेशन घेतले होते? मुलांना असे लाडावून ठेवले तर उद्याचे सैनिक कोठून येणार? आक्षेप घेणाऱ्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु आज्यापणज्यांनी जे सोसले ते भरल्या घरात आणि भरल्या गावात सोसले, हे ते विसरतात. शिवाय कणखरपणा आणि मुकेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या मुलाला आपली भीती कोणाजवळ तरी बोलून दाखविता आली ते अधिक कणखर होते, असाच अनुभव आहे. दुसऱ्या बाजूने, या मुलांना सरसकट रोगी ठरविण्याची घाईही नको. सैनिकांची बहुसंख्य मुले काटक, जबाबदार आणि आनंदी असतात. त्यांना दया नको आहे. त्यांची स्थिती ठाऊक असलेले एखादे मोठे माणूस त्यांच्या आसपास असावे, एवढीच त्यांची गरज आहे.

या दृष्टीने काय करता येईल? आम्ही सुचवितो त्यातील कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च नाही. पहिली गोष्ट नोंदीची. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांनी मिळून, कुटुंबाच्या संमतीने, कोणत्या शाळेत सेनादलातील वा निमलष्करी दलातील जवानाचे मूल आहे याची यादी करावी. ती मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांच्यापुरतीच राहावी. दुसरी गोष्ट शिक्षकाची. शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना २०२० पासून आहे. त्यांच्या प्रशिक्षणात या विषयाचा एक तास घातला तरी पुष्कळ काम होईल. बाप रजेवर आला आणि परत गेला, या दोन तारखा वर्गशिक्षकाला माहीत असल्या तर त्या पंधरवड्यातील गृहपाठाच्या चुका तो वेगळ्या नजरेने पाहील. मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत भेट झाली नाही आणि बाप ऑक्टोबरात आला, तर चार दिवसांच्या गैरहजेरीबद्दल त्याला दंड करू नये.

तिसरी गोष्ट गावातील निवृत्त जवानांची. आमच्या खेड्यांत हुद्दा कोणताही असो, त्यांना 'मेजर' म्हणूनच हाक मारतात. पलटणीचे जग आणि गावचे जग, दोन्ही जाणणारा गावात तोच एक माणूस असतो. बर्फात माणसे कशी राहतात, फोन का लागत नाही, चौकीवर जेवण कसे पोहोचते, हे तो मुलाला सांगू शकेल. मुलाची भीती बरीचशी अज्ञानातून आलेली असते. जे डोळ्यांसमोर आणता येते त्याचे भय निम्मे होते. सैनिक कल्याण कार्यालयाने आपल्या मेळाव्यांत निवृत्तिवेतनाच्या अर्जांबरोबर हे कामही या मंडळींकडे सोपवावे. रजेवर येणाऱ्या जवानालाही त्यांनीच वडिलकीच्या नात्याने सांगावे की, पहिले आठ दिवस घराला शिस्त लावू नकोस, फक्त घरात राहा.

चौथी गोष्ट वैद्यकीय मदतीची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. तेथील मनोविकारतज्ज्ञ व समुपदेशक यांनी महिन्यातून एक दिवस परतूर, मंठा येथील रुग्णालयांत मुलांसाठी राखून ठेवावा, आणि सैनिकी वसतिगृहांनाही नियमित भेट द्यावी. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर मराठीत बोलता येते. तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर सुविचारांच्या शेजारी रंगवावा. आईलाही तो हवा आहे, कारण आईचे मन थाऱ्यावर राहिले तर मुलासाठी अर्धे काम तेथेच झाले.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. १९९९ च्या कारगिल युद्धापासून हुतात्म्यांचे पार्थिव त्यांच्या गावी आणण्याची पद्धत रूढ झाली. ती योग्यच आहे. वीराला त्याच्या मातीत निरोप मिळाला पाहिजे. परंतु त्या दिवशी त्याच्या लेकराचे काय होते? हजारोंच्या गर्दीत त्याला पुढे आणले जाते, त्याच्या चिमुकल्या अंगावर गणवेश चढविला जातो, सलामीसाठी त्याचा हात कपाळाला लावला जातो आणि चहूबाजूंनी कॅमेरे त्याच्यावर रोखले जातात. सारा महाराष्ट्र ते छायाचित्र पाहून हळहळतो. ते मूल मोठे होईल तेव्हा आपल्या आयुष्यातील सर्वांत भयंकर क्षण त्याला लाखो पडद्यांवर सापडेल, हा विचार कोणाच्या मनात येत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, अशा प्रसंगी मुलाला सत्य सोप्या शब्दांत, त्याच्या आईने किंवा जवळच्या माणसाने, गर्दी जमण्यापूर्वी सांगावे. त्याच्याजवळ दिवसभर एक ओळखीचे माणूस नेमलेले असावे. ज्या विधीत त्याला भाग घ्यावयाचा नसेल त्याची सक्ती करू नये. वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांनी त्याचा चेहरा जवळून टिपण्याचे कटाक्षाने टाळावे, आणि जिल्हा प्रशासनाने अंत्यविधीच्या व्यवस्थेत याची स्पष्ट सूचना अंतर्भूत करावी. तेराव्यानंतर मंत्र्यांच्या गाड्या येण्याचे थांबते. शाळेने आणि गावाने त्या मुलाची खरी काळजी त्या दिवसापासून घ्यावयाची असते, आणि ती एक वर्ष तरी नेटाने घ्यावी.

आमचे बहुतेक वाचक शहरात राहतात. सैन्याशी त्यांचा संबंध २६ जानेवारीच्या संचलनापुरता आणि युद्धाच्या दिवसांतील बातम्यांपुरता येतो. परंतु जवानाची जी पत्नी मुलांच्या शाळेसाठी दोन खोल्या घेऊन राहते ती याच वाचकांच्या गल्लीत राहत असते. तिचे मूल त्यांच्या मुलांच्या वर्गात असते. सहलीला, वाढदिवसाला, क्रिकेटच्या खेळाला त्या मुलाला बोलाविणे, पालकसभेला बाप आला नाही म्हणून त्याला प्रश्न न विचारणे, रात्री-अपरात्री तिच्या दारावर थाप मारण्याइतका शेजारधर्म ठेवणे, यासाठी सरकारी निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. सरकारने आपले काम करावे, त्याचा आम्ही पाठपुरावा करू. जवान आपली चौकी सांभाळतो तेव्हा मागे आपले घर समाज सांभाळीत आहे, असा त्याचा विश्वास असतो. हा विश्वास त्याने आपल्याला विचारून ठेवलेला नाही, तो गृहीत धरला आहे. तो सार्थ ठरविणे हे आपले कर्तव्य आहे आणि त्याची सुरुवात शेजारच्या दारापासून करता येईल.